एकास पंचवीस

क्रायस्लर कंपनीनं १९६३ साली एक धाडसी प्रयोग सुरू केला. नेहमीच्या पिस्टन इंजिनाऐवजी टर्बाइन बसवलेल्या ५० मोटारी तिनं अमेरिकेतल्या सामान्य कुटुंबांना काही महिने वापरायला दिल्या. या गाड्यांच्या बॉडी इटलीत, तुरीनच्या घिया कारखान्यात हातानं घडवलेल्या होत्या. रंग ब्राँझचा, तांबूस झाक असलेला. १९६६ पर्यंत २०३ घरांनी त्या चालवून पाहिल्या. प्रयोग आटोपला तेव्हा आधीचे ५ नमुने धरून एकूण ५५ गाड्यांपैकी ४६ कंपनीनं मोडीत काढल्या. उरलेल्या ९ आज संग्रहालयांत आणि मोजक्या संग्राहकांकडे आहेत. पण त्याच सुमारास डेट्रॉइटच्या जो-हॅन नावाच्या छोट्या कंपनीनं या गाडीचं प्लॅस्टिकचं किट काढलं होतं, खऱ्या गाडीच्या एकपंचविसांश आकाराचं. साचा इतक्या निगुतीनं केलेला की जाणकार आजही त्याचं नाव आदरानं घेतात. ही गाडी वरून, खालून, इंजिनासकट समजून घ्यायची असेल, तर बहुतेकांसाठी आज हे किट जोडणं हाच जवळचा मार्ग आहे.

आपल्याकडे ‘मॉडेल कार’ म्हटलं की काचेच्या कपाटात ठेवायची धातूची तयार गाडी डोळ्यांपुढे येते. ती गोळा करणारे भारतात पुष्कळ आहेत आणि तो वेगळा शौक आहे. इथे विषय आहे तो सुट्या भागांपासून गाडी उभी करण्याचा: भाग कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे, आणि मग चार माणसांपुढे ठेवायचे. यातलं शेवटचं काम पहिल्या चार कामांइतकंच महत्त्वाचं आहे. या छंदाचा इतिहास नीट पाहिला तर एकच प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा डोकं वर काढताना दिसतो. रस्त्यावर होती तशी गाडी करायची, की मनात आहे तशी? सत्तर वर्षं हा वाद चालू आहे, आणि माझ्या मते छंद टिकला तो या वादाच्या दोन्ही बाजूंची माणसं एकाच टेबलाशी बसत राहिली म्हणून.

सुरुवात झाली मोटारींच्या शोरूममध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर मिशिगन राज्यात ए.एम.टी. ही कंपनी १९४८ साली निघाली. नावातला पहिला शब्द ‘अॅल्युमिनम’, कारण पहिल्या गाड्या त्या धातूच्या होत्या. लवकरच त्या प्लॅस्टिकच्या झाल्या. नव्या वर्षाची फोर्ड किंवा शेव्हरले बाजारात आली की तिची हुबेहूब छोटी गाडी विक्रेत्याच्या काउंटरवर ठेवायची, कारखान्यातल्याच रंगछटांमध्ये. बाप गाडी पाहायला आला की मुलाच्या हातात ती द्यायची. या जाहिरातीच्या गाड्या तयार जोडलेल्या असत. सुरुवातीच्या प्लॅस्टिकमध्ये एक खोट होती: काही वर्षांत ते आखडून वाकडं होई. त्या काळातल्या कित्येक गाड्यांची छपरं आणि बंपर आज केळ्यासारखे वळलेले दिसतात ते त्यामुळे.

१९५८ मध्ये ए.एम.टी.नं तेच साचे वापरून सुट्या भागांचं किट विकायला काढलं आणि खोक्यात एकाच गाडीच्या तीन तऱ्हा करता येतील एवढे भाग घातले. एक, कारखान्यातून निघते तशी. दुसरी, शर्यतीची. तिसरी, ‘कस्टम’, म्हणजे छप्पर खाली घेतलेली, दिवे बदललेली, शेपटीचे पंख वाढवलेली, कॅलिफोर्नियातले गॅरेजवाले तेव्हा करत होते तशी. वर सांगितलेला वाद कंपनीनं पहिल्याच दिवशी खोक्यात भरून दिला होता, आणि निवड दहा-बारा वर्षांच्या मुलावर सोडली होती. मुलांनी तिन्ही तऱ्हांचे भाग एकत्र करून चौथीच गाडी केली. शिल्लक भाग डब्यात जपून ठेवायची सवय तेव्हापासूनची. प्रत्येक जुन्या मॉडेलकाराकडे असा डबा असतो आणि त्यातली चाकं, इंजिनं, बंपर मित्रांमध्ये फिरत असतात.

साठचं दशक भरभराटीचं. डेट्रॉइटच्या परिसरात ए.एम.टी., जो-हॅन आणि १९६३ मध्ये सुरू झालेली एम.पी.सी.; शिकागोकडे मोनोग्राम; कॅलिफोर्नियात रेव्हेल. रेव्हेलनं एड रॉथ या अवलिया गाडी-कलाकाराच्या अचाट गाड्यांची आणि त्याच्या ‘रॅट फिंक’ या उंदराचीही किटं काढली. मोनोग्रामसाठी टॉम डॅनियलनं ‘रेड बॅरन’सारख्या गाड्या कागदावर कल्पिल्या. जर्मन शिरस्त्राणाचं छप्पर असलेली ती गाडी आधी किट म्हणून जन्मली आणि तिच्यावरून पूर्ण आकाराची, चालणारी गाडी नंतर बनली. प्रतिकृती आधी आणि मूळ मागाहून! मनातल्या गाडीच्या बाजूचा याहून मोठा विजय मला माहीत नाही.

या काळातली एक गोष्ट आज फार सलते. त्या वेळची वार्षिक किटं खऱ्या गाडीबरोबर दरवर्षी बदलत. १९६१ च्या गाडीची जाळी आणि मागचे दिवे १९६२ मध्ये बदलले की पोलादी साचाही तसाच कोरून बदलायचा. नवा साचा करायचा तर खर्च प्रचंड, म्हणून जुन्याचीच दुरुस्ती. त्यामुळे १९६१ ची गाडी त्या साच्यातून पुन्हा कधीच निघू शकत नाही. आज एखादं जुनं, न जोडलेलं खोकं भारी किमतीला जातं त्यामागे हौस आहेच, पण हे साधं कारणही आहे. कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या, ए.एम.टी. १९७८ मध्ये इंग्लंडच्या लेझ्नीकडे, मग आयोवाच्या अर्टलकडे आणि शेवटी इंडियानाच्या राउंड टू कंपनीकडे गेली. रेव्हेल आणि मोनोग्राम १९८६ मध्ये एकत्र आल्या. २०१८ मध्ये त्यांची अमेरिकेतली मालक कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा रेव्हेल जर्मन हातांत गेली. मालक बदलले, गावं बदलली, साचे मात्र ट्रकमधून आणि जहाजांतून फिरत राहिले. राउंड टू आता हरवलेले भाग जुन्या किटांवरून मापं घेऊन नव्यानं घडवते. हे काम संग्राहकांनी जपलेल्या खोक्यांशिवाय झालंच नसतं. कारखान्याला स्वतःचाच माल पाहायला गिऱ्हाइकाच्या माळ्यावर जावं लागतं, ही या छंदातली फार बोलकी गोष्ट आहे.

रस्त्यावरची गाडी की मनातली, हा प्रश्न किटांच्याही आधी एका वेगळ्या ठिकाणी उभा राहिला होता. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागानं १९३० मध्ये कुमारवयीन मुलांसाठी एक स्पर्धा सुरू केली. बक्षीस म्हणून विद्यापीठाची शिष्यवृत्ती. पहिल्या वर्षांत मुलांना फिशरच्या बोधचिन्हावरची नेपोलियनकालीन घोडागाडी दिलेल्या आराखड्यावरून हुबेहूब करायची असे: लाकूडकाम, धातूकाम, शिवणकाम, रंगकाम, सगळं स्वतःच्या हातानं. पुढे मुलांनी स्वतः कल्पिलेली मोटार बनवण्याचा विभाग आला, आणि युद्धानंतर घोडागाडी मागे पडून फक्त तोच उरला. स्पर्धा १९६८ पर्यंत चालली. १९४७ चा एक विजेता चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. आधी नक्कल, मग कल्पना, असा क्रम तिथे लागला. मला तो क्रम बरोबर वाटतो. दुसऱ्यानं केलेली वस्तू अचूक करताना हाताला जी शिस्त लागते, तिच्याशिवाय स्वतःची कल्पना कागदावरून उतरत नाही.

सत्तरच्या दशकात अमेरिकेतला ओघ आटला. ज्या मुलांनी ही किटं घेतली होती ती मोठी होऊन खऱ्या गाड्यांकडे वळली, आणि १९७३ च्या तेलसंकटानं प्लॅस्टिक महाग केलं. त्याच दशकात जपाननं मुसंडी मारली. टोकियो आणि नागोया यांच्यामधलं शिझुओका हे शहर लाकूडकामासाठी पूर्वापार प्रसिद्ध. इथल्या तामिया कंपनीचं नाव आज जगभर गाजतं. ती १९४६ मध्ये लाकूड कापणारी गिरणी म्हणून सुरू झाली, १९४८ मध्ये लाकडी मॉडेलं करू लागली, १९५१ मध्ये आगीत सर्वस्व गमावून पुन्हा उभी राहिली आणि १९६० मध्ये प्लॅस्टिककडे वळली. आओशिमा आणि फुजिमी याच शहरातल्या, हासेगावा शेजारच्या याइझूची. १९६७ मध्ये तामियानं होंडाच्या फॉर्म्युला वन गाडीचं १:१२ मापाचं किट काढलं. पुढे पोर्शच्या शर्यतीच्या ९३४ गाडीवर काम करताना कंपनीच्या शुनसाकू तामिया यांनी मापं पुरेशी मिळेनात म्हणून चक्क एक पोर्श ९११ विकत घेतली आणि ती पूर्ण खोलून भाग न् भाग मोजला. १९७६ मध्ये आलेलं ते किट या चिकाटीचं फळ. २०२५ मध्ये नव्वदीत त्यांचं निधन झालं तेव्हा जगभरच्या मॉडेलकारांनी त्यांची पहिली आठवण म्हणून हीच गोष्ट सांगितली असेल, असं मला वाटतं.

जपानमध्ये किटांना गिऱ्हाईक आणून दिलं चित्रकथांनी. १९७५ मध्ये सुरू झालेल्या ‘सर्किट नो ओकामी’ या शर्यतींच्या मालिकेनं लॅम्बोर्गिनी आणि फेरारी जपानी शाळकरी मुलांच्या तोंडी बसवल्या. वीस वर्षांनी ‘इनिशियल डी’नं डोंगरातल्या घाटरस्त्यांवर टोफू पोचवणारी साधी टोयोटा लोकप्रिय केली, आणि बारीकसारीक जपानी गाड्यांची किटं धडाधड निघाली. रस्त्यावरची गाडी हवी म्हणणाऱ्यांच्या बाजूनं हा मोठा कौल होता: मुलांना शेजाऱ्याच्या दारातली गाडी हवी होती, चाकांच्या कॅपसकट.

मापांची गोष्ट थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १:२५ आणि १:२४ दोन्ही नांदतात, जपानमध्ये १:२४. युरोपात संग्राहकांचं लाडकं १:४३, जे मुळात आगगाडीच्या ‘ओ’ गेजवरून आलं: एका फुटाला ७ मिलिमीटर. इटलीच्या पोकेरनं १:८ मध्ये हजारोंनी भाग असलेली अवाढव्य किटं केली. इंग्लंडच्या जेराल्ड विनग्रोव्ह यांनी किटाला हात न लावता पत्रा, पितळ आणि लाकडातून १:१५ च्या गाड्या घडवून हे काम दागिन्यांच्या तोलाचं केलं.

माप एकदा ठरलं की खरी परीक्षा सुरू होते, कारण प्रत्येक वस्तू त्या प्रमाणात लहान होत नाही. दिवाळीच्या किल्ल्यात मावळा बुरुजाहून उंच असला तरी कुणाचं काही बिघडत नाही. इथे सगळं बिघडतं. खऱ्या गाडीवरचा रंग अस्तरासकट ०.१ मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. मॉडेलवर स्प्रेनं दिलेले दोन-तीन हात मिळून ०.०५ मिलिमीटर झाले असं धरा. पंचवीसनं गुणा: खऱ्या गाडीवर सव्वा मिलिमीटर जाड रंग चढवल्यासारखं झालं. दाराच्या कडा बुजतात, कोरलेली अक्षरं मिटतात. दारातली खरी फट ४ मिलिमीटरची, म्हणजे १:२५ मध्ये ०.१६; साच्यातून येणारी खाच बहुधा याच्या दुप्पट-तिप्पट. किटाच्या बॉडीचं प्लॅस्टिक १ मिलिमीटर जाड असेल तर खऱ्या गाडीचा पत्रा अडीच सेंटिमीटर जाड झाला. मेटॅलिक रंगात तर आणखी पंचाईत. खऱ्या गाडीसाठी दळलेला चमकीचा कण मॉडेलवर तसाच वापरला की डोळ्याला वाळूसारखा दिसतो.

म्हणून जाणता माणूस पातळ रंग घेतो, एअरब्रशनं धुक्यासारखे हात देतो, मधे बारीक वॉटर पेपरनं ओलं घासतो. दाराच्या खाचा रंगाआधीच थोड्या खोल कोरून घेतो, म्हणजे रंग भरल्यावरही त्या उरतात. जोडाच्या फटींत लांबी भरून घासतो, तेच काम जे रस्त्याकडेच्या गॅरेजात डेंटिंग-पेंटिंगवाला करतो, फक्त बोटाच्या टोकावर. उन्हात दिसणारी छटा घरातल्या दिव्याखाली आणि छोट्या आकारात गडद भासते, म्हणून पुष्कळ जण मूळ रंगात थोडा पांढरा मिसळतात. कारखान्याचा रंग-क्रमांक बरोबर असला तरी डोळ्याला तो चुकीचा दिसू शकतो. इथे अचूकतेची बाजू घेणाऱ्याला स्वतःच्या नजरेवर विसंबावंच लागतं, आणि दोन्ही गट नकळत जवळ येतात.

क्रोमची पट्टी कशी करतात ते पाहण्यासारखं आहे. किटातले क्रोमचे भाग निर्वात कोठडीत अॅल्युमिनियमची वाफ बसवून चमकवलेले असतात. पण खिडकीभोवतीची पट्टी बॉडीचाच भाग असल्यानं तिला ती चमक नसते. चांदीचा रंग दिला तर तो राखाडी दिसतो. म्हणून अतिशय पातळ, मागे डिंक असलेली धातूची पन्नी वापरतात. पट्टीहून थोडा मोठा तुकडा कापायचा, चिमट्यानं अलगद टेकवायचा, कापसाच्या काडीनं मधून कडेकडे दाबत न्यायचा. सुरकुती आली तर तुकडा टाकून नवा घ्यायचा. मग पट्टीच्या उंचवट्याची कडा पन्नीतून उमटेपर्यंत टूथपिक फिरवायची, आणि नवं कोरं पातं त्या कडेवरून एकदाच ओढायचं. पात्याला जोर द्यायचा नाही. त्याचं स्वतःचं वजन पुरतं. जोर दिला की खालच्या रंगावर ओरखडा आलाच. जादा पन्नी उचलली की खिडकीभोवती केसाएवढी, खऱ्या धातूची रेघ उरते. पुस्तक वाचून हे येत नाही. शेजारी बसून कुणी एकदा करून दाखवलं की येतं.

मंडळी जमतात ती यासाठी. या जमण्याच्या दोन रीती आहेत. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि पाठोपाठ अमेरिकेत सुरू झालेल्या आय.पी.एम.एस. या संस्थेची रीत परीक्षेची. परीक्षक टॉर्च घेऊन टेबलाशी वाकतात. आधी जोड पाहतात, मग चारही चाकं जमिनीला टेकतात का, डिंकाचे डाग आहेत का, रंगात धूळ आहे का. मूळ गाडीशी इमान राखलंय का हा प्रश्न पुष्कळ नंतर येतो. हे नियम कोरडे वाटले तरी त्यामागे शहाणपण आहे: परीक्षक १९३२ च्या फोर्डचा जाणकार नसेल, पण वाकडं चाक कुणालाही दिसतं. किटातल्या भागांखेरीज काहीही न वापरता केलेल्या मॉडेलांसाठी वेगळा विभाग असतो, म्हणजे ज्यांच्याकडे महाग सुटे भाग नाहीत त्यांनाही उभं राहता येतं.

दुसरी रीत ओहायोतल्या टोलिडो शहराची. १९८० च्या सुमारास तिथल्या मोटारवेड्यांनी परीक्षेला कंटाळून एक मेळा सुरू केला. त्याचं नाव एन.एन.एल. परीक्षक नाहीत, पहिला-दुसरा नाही. दर वर्षी एक विषय जाहीर होतो, लोक आपापल्या गाड्या टेबलांवर मांडतात, आणि जी थोडी मानाची निवड होते ती आलेल्या सगळ्यांच्या मतांनी. पुढे अमेरिकेच्या दुसऱ्या शहरांतही याच धर्तीचे मेळे भरू लागले. शिझुओकात दर मे महिन्यात भरणाऱ्या हॉबी शोमध्येही देशभरातल्या क्लबांच्या टेबलांची मोठी मांडामांड असते, आणि तिथे खरी गंमत मॉडेलामागे उभ्या असलेल्या माणसाशी बोलण्यात आहे.

परीक्षेनं हात धारदार होतो हे मला मान्य आहे. आपलं काम दुसऱ्यानं टॉर्च लावून पाहिलं की पुढच्या वेळी जोड नीट बसतो. तरीही एकच रीत निवडायची झाली तर मी टोलिडोच्या बाजूनं उभा राहीन. परीक्षेत हरलेला मुलगा पुढच्या वर्षी येत नाही. ‘ही पन्नी कशी लावलीत?’ असं ज्याला कुणी विचारतं तो मात्र येतो. आणि दुसरं, परीक्षा नेहमी मोजता येईल तेच मोजते. छप्पर थोडं खाली घेऊन सुंदर झालेली, पण कुठेच अस्तित्वात नसलेली गाडी मोजायला पट्टी नसते.

या छंदाचं वय वाढतंय, हे लपवण्यात अर्थ नाही. १९६४ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा आज सत्तरी ओलांडून गेला आहे. अमेरिकन मेळ्यांत पांढरे केस जास्त दिसतात, बायका-मुली अजून फार कमी. प्रत्येकाच्या घरी न जोडलेल्या किटांची चळत असते आणि माणूस गेला की ती चळत घरच्यांपुढे प्रश्न होऊन उभी राहते. चांगले क्लब अशा वेळी पुढे येतात: खोकी मोजून, किंमत लावून, घरच्यांच्या वतीनं विकून देतात, अर्धवट राहिलेलं मॉडेल कुणी तरी पुरं करतं आणि पुढच्या मेळ्यात त्याच्या नावासकट मांडतं. मुलांसाठी मेळ्यात एक टेबल राखलेलं असतं, तिथे किट फुकट मिळतं आणि म्हातारे शेजारी बसून पहिला भाग कापायला शिकवतात. छंदाच्या भवितव्याबद्दलच्या सगळ्या चर्चांपेक्षा या टेबलावर माझा जास्त भरवसा आहे.

नवी पिढी येते आहे ती वेगळ्या दारानं. घरच्या टेबलावर बसणारा रेझिनचा थ्रीडी प्रिंटर आता चाकं, इंजिनं, अख्ख्या बॉडी छापतो. पूर्वी जे काम साचे ओतणारे दोन-चार छोटे कारागीर करत, ते आता संगणकावर चित्र काढू शकणारं कुणीही करू शकतं. काही ज्येष्ठ म्हणतात, बटण दाबून निघालेली गाडी ‘बनवली’ कशी म्हणायची? मला हा आक्षेप टिकाऊ वाटत नाही. साठच्या दशकातला मुलगा तरी साचा स्वतः करत नव्हता. छापलेल्या भागावरच्या थरांच्या रेघा घासाव्याच लागतात, लांबी भरावीच लागते, रंग त्याच पद्धतीनं द्यावा लागतो. ज्यानं फाइल बनवली त्यानं गाडी मोजली, आणि मोजणं हाच या छंदाचा पाया आहे. खरी अडचण चोरीची आहे: दुसऱ्यानं मेहनतीनं काढलेली फाइल किंवा दुसऱ्या कारागिराचा भाग नकलून विकणं. यावर क्लबांनी उघडपणे बोलायला हवं.

एक काळजीची गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण नवखे तिकडे दुर्लक्ष करतात. लॅकर रंगाची वाफ आणि रेझिनची धूळ फुप्फुसांना घातक आहे. बंद खोलीत स्प्रे करू नये, वाफ अडवणारा योग्य मास्क लावावा, रेझिन ओलं घासावं, आणि न सुकलेल्या रेझिनला उघड्या हातानं शिवू नये. कापडी रुमाल बांधून काही होत नाही.

आता आपल्याकडे. मुंबई, पुणे, बंगळुरूत किटं जोडणारी माणसं आहेत, पण वाट अवघड आहे. जकातीच्या वर्गवारीत स्केल मॉडेलं बाहुल्या आणि तिचाकी सायकलींच्याच गटात, खेळण्यांत बसतात. खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० वर गेली. २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानकाची सक्तीही आली. देशी खेळणी-उद्योगाला बळ देणं हा हेतू समजण्यासारखा आहे, पण प्रौढ माणूस चाकूनं कापून जोडतो ते किट आणि खुळखुळा एकाच चाळणीत टाकण्यात हित नाही. त्यात स्प्रेचे डबे आणि लॅकर ज्वालाग्राही म्हणून विमानानं येत नाहीत. मग लोक स्कूटरच्या रंगाच्या दुकानातून टू-के क्लिअर आणतात, वॉटर पेपर हार्डवेअरच्या दुकानातून, आणि सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातला एअरब्रश.

पण मला यापेक्षा महत्त्वाची वाटते ती किटाविना चाललेली खटपट. केरळात आणि महाराष्ट्रात सनबोर्ड, पुठ्ठा आणि पीव्हीसी शीटमधून बसगाड्या करणारी तरुण मुलं आहेत. एसटीची लालपरी ते डेपोत जाऊन मोजतात, खिडक्यांच्या पट्ट्या, शिडी, छतावरची जाळी, मागचा आगाराचा शिक्का, सगळं. या मुलांना मॉडेलकारांच्या कुठल्याही परंपरेची ओळख नसते, तरी ते टोलिडोच्या आणि शिझुओकाच्या माणसांचंच काम करतात. त्यांच्या बसगाड्या यात्रेत किंवा शाळेच्या प्रदर्शनात एकदा दिसतात आणि संपतं. त्यांना वर्षातून एक दिवस, एका सभागृहात, परीक्षेविना टेबलं मिळाली पाहिजेत. नगर वाचनालयाचा हॉलही पुरेल.

आणि एक काम घाईनं करायला हवं. कुर्ल्यात प्रीमियरनं बनवलेल्या पद्मिनीची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे गेली. पद्मिनी ज्या फियाटवर बेतलेली होती तिची मापं मिळतात. व्हीलबेस २३४० मिलिमीटर, म्हणजे १:२५ मध्ये ९३.६. पण मुंबईची टॅक्सी फियाटच्या आराखड्यात नाही. छतावरच्या कॅरियरच्या नळ्यांची जाडी, बॉनेटच्या डाव्या कडेला बाहेर बसवलेल्या मीटरची पेटी आणि तिचा आकडा फिरवायचा दांडा, पिवळ्या छपराची नेमकी छटा, काळा रंग पिवळ्याला कुठल्या रेषेवर मिळतो ती जागा, सीटवरच्या रेक्झिनची शिवण: हे सगळं उरलेल्या गाड्यांवरून कॅलिपर आणि टेप घेऊन मोजून, फोटोंसह, कुणालाही उतरवून घेता येईल असं ठेवलं पाहिजे. मोजणाऱ्या दोन माणसांना एक गाडी एका रविवारी पुरी करता येईल, आणि अशा गाड्या अजूनही काही टॅक्सीमालकांनी सांभाळून ठेवल्या आहेत.